गिलसाहेबांचा एकांत

आमच्या पहूरहून छत्रपती संभाजीनगरच्या वाटेला लागले, की फर्दापूरनंतर अजिंठ्याची लेणी येतात. तिथले मार्गदर्शक मेजर रॉबर्ट गिल आणि पारो यांची प्रेमकथा रंगवून सांगतात. ना. धों. महानोरांचे काव्य आले, 2012 मध्ये चित्रपटही आला. पण गिलसाहेबांनी रंगवलेली चित्रे मात्र या कथेत हरवून जातात, याची मला खंत वाटते.

मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला कंपनी सरकारने 1844 मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला धाडले. पहूर इंग्रजांच्या खानदेशात, अजिंठा निजामाच्या राज्यात. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिले. घाट उतरून लेण्यांत यायचे, अंधारात डोळे फाडून भिंत न्याहाळायची आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात ती उतरवायची. सोबतीला वटवाघळे अन् आग्या मोहोळे. अशी वर्षांमागून वर्षे गेली.

मूळ भिंतीचे नाते मात्र आपल्या खेड्याशी आहे. माती, भाताचा तूस, झाडपाल्याचे तंतू कालवून खडकावर गिलावा चढवला आणि त्यावर पातळसा चुन्याचा हात दिला. घर लिंपायला आपल्या आयाबाया गारा करतात, त्याचीच ही थोरली बहीण म्हणा ना! राजवाडे, हत्ती, अप्सरा, सारे या मातीवर उभे आहे. आणि माती म्हटली, की ती सुटणार, पोपडे धरणार. म्हणून गिलसाहेबांच्या कामाचे मोल मोठे. भिंतीवरून जे पुढे झडून गेले, ते त्यांनी पाहिलेले होते.

ही चित्रे लंडनला गेली. तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना 1866 च्या डिसेंबरात आग लागली आणि बहुतेक सारी भस्म झाली. वाचलेली मोजकी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे मुंबईच्या कला विद्यालयाच्या ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यातल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. हजार-दीड हजार वर्षे मातीने जे सांभाळले, ते तिथे पुरती पन्नास वर्षेही टिकले नाही!

पारो 1856 मध्येच गेली होती. तिची कबर अजिंठा गावात आहे. आगीनंतरही गिल विलायतेला परतले नाहीत. 1879 मध्ये ते वारले. त्यांना पुरले ते अजिंठ्याला नव्हे, आपल्या भुसावळला.