बिऱ्हाड मुंबईस हलविताना : आधी शाळा, मग खोली



रत्नागिरी जिल्हा आणि मुंबई यांचे नाते नव्याने सांगावयास नको. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या तेव्हापासून कोकणातला तरुण, पूर्वी बोटीने, पुढे एस.टी.ने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने, मुंबईची वाट चालत आला आहे. मात्र त्या काळी मुंबईस जात असे तो माणूस, बिऱ्हाड नव्हे. परळ-लालबागच्या एकेका खोलीत दहा-बारा गाववाले मिळून राहत, खानावळीत जेवत, आणि बायकामुले गावी शेत सांभाळीत. १९११ ते १९३१ या काळातील जनगणनांत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सहाशेहूनही कमी भरल्या, यावरून किती संसार दोन ठिकाणी विभागलेले होते याची कल्पना यावी. बाप मुंबईस गेला तरी मुलाची शाळा गावातच राही. मनिऑर्डर येई, आणि शाळेच्या पटावरील नाव होते तेथेच असे.

आज तसे राहिले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव पालटत गेले, गिरण्यांच्या आवारांत उंच इमारती उठल्या, आणि आता जो मुंबईस जातो तो रुग्णालयात, पोलिसदलात, दुकानात किंवा कचेरीत कामास लागतो व पुष्कळदा कुटुंबही बरोबर नेतो. कुटुंब एकत्र राहते ही गोष्ट निश्चितच चांगली. परंतु त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. गावच्या शाळेतून निघालेले मूल मुंबईच्या शाळेत पोहोचते की नाही, आणि पोहोचते तर किती महिन्यांनी, हा तो प्रश्न होय.

बहुतेक बिऱ्हाडे हलतात ती एकाच रीतीने. आधी काका किंवा मामा खोली पाहून ठेवतो, मे महिन्यात सामान जाते, आणि शाळेचा विचार जूनमध्ये सुरू होतो. तोवर जवळच्या शाळेत सकाळच्या पाळीत जागा नसते. दुपारच्या पाळीच्या वेळी आई कामावर असते, आणि धाकट्यास सांभाळावयास थोरल्या मुलीने घरी राहावे असे ठरते. ‘गणपतीनंतर पाहू’ असे म्हणता म्हणता दिवाळी येते. मुलीचे एक वर्ष गेलेले असते आणि ते कुणाच्याही हिशेबात नसते. यास्तव क्रम उलटा करणे अगत्याचे आहे. प्रथम शाळा पाहावी, नंतर तिच्याभोवती पायी चालण्याच्या अंतरात खोली शोधावी.

याचे कारण साधे आहे. आज मुंबईत भाड्याची खोली बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने मिळते, तर मुलास एका शाळेत आठ-दहा वर्षे काढावयाची असतात. शाळा अशी निवडावी की पुढे खोली दोनदा बदलावी लागली तरी शाळा बदलावी लागू नये. परळ, लालबाग, नायगाव या पट्ट्यात हे साधण्याजोगे आहे. तेथे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाणे म्हणजे काही गाव बदलणे नव्हे. खोली घेण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे ही चाळ अजून किती दिवस उभी आहे. नायगाव, वरळी व ना. म. जोशी मार्ग येथील १९२० नंतर बांधलेल्या बी.डी.डी. चाळींचा, ज्यांतील खोली अवघी १६० चौरस फुटांची, पुनर्विकास चालू आहे. पागडीच्या जुन्या चाळीही एकामागून एक पाडल्या जात आहेत. नातेवाइकाच्या खोलीत उतरलेल्या कुटुंबास चाळ रिकामी होण्याची वार्ता सर्वांच्या शेवटी कळते.

वस्त्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. गिरगावास शिक्षणाची परंपरा सर्वांत जुनी. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळा काढल्या आणि नाना शंकरशेट यांनी त्यांस आपल्या वाड्यात जागा दिली, ती याच भागात. आर्यन एज्युकेशन सोसायटीची शाळा आणि चिकित्सक समूहाचे शिरोळकर हायस्कूल ही नावे कोकणी कुटुंबांत आजही आपुलकीने घेतली जातात. परंतु तेथील मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने उपनगरांत गेली असून नव्याने येणाऱ्यास गिरगावात परवडेल अशी खोली मिळणे दुर्मीळ झाले आहे.

दादरची गोष्ट वेगळी. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याकडील भाग आखून वसविला. रस्ते रुंद ठेवले, मोकळ्या जागा राखल्या. अशा वस्तीत शाळाही रुजल्या. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एज्युकेशन सोसायटीची हिंदू कॉलनीतील किंग जॉर्ज शाळा, जी पुढे राजा शिवाजी विद्यालय झाली, पश्चिमेस छबिलदास, आणि शिवाजी पार्कजवळ दादासाहेब रेगे यांनी १९४० मध्ये स्थापिलेले बालमोहन विद्यामंदिर, ही नावे जिल्ह्यातील बहुतेक शिक्षकांनी ऐकलेली आहेत. नाव ऐकलेले असते म्हणूनच पालक तेथे धाव घेतो. त्यात गैर काही नाही. मात्र दादरचे भाडे भरण्यासाठी आईबापांनी दोन-दोन नोकऱ्या कराव्यात आणि मुलाने रात्री नऊपर्यंत एकट्याने खोलीत बसावे, यात मुलाचा लाभ कोणता हे तपासून पाहावे. नायगावात राहून हिंदू कॉलनीतील शाळेत पायी जाणारे मूल त्याहून सुखी असते.

परळ आणि लालबाग हा कष्टकऱ्यांचा मुलूख. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या. दिवसा काम करणाऱ्या थोरल्या भावासाठी रात्रशाळेची चौकशी आजही अवश्य करावी. परळच्या डॉ. शिरोडकर हायस्कूलमध्ये व आर. एम. भट हायस्कूलमध्ये कामगारांच्या घरची मुले शिकत आली. महानगरपालिकेच्या शाळा या भागात जवळ आहेत, विनाशुल्क आहेत, आणि पालिका आठ भाषांतून प्राथमिक शिक्षण देते. पालिकेची शाळा पाहताना ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे आणि पुढे तेथील मुले कोठे जातात हे मात्र आधीच विचारावे. सातवी-आठवीनंतर पुन्हा शाळा शोधण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळ मुलींचे शिक्षण तेथेच थांबते.

शाळेचा रस्ता नकाशावर पाहून भागत नाही. मध्य व पश्चिम अशा दोन रेल्वेमार्गांनी हा सारा भाग कापलेला आहे. रुळांपलीकडची शाळा डोळ्यांना दिसते, पण वाट पुलावरून असते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ व तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर पावसाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्यू पावली. तेथला रस्त्याचा जुना पूलही सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद करण्यात आला, आणि कित्येकांच्या नित्याच्या वाटा बदलल्या. यास्तव रुळांच्या आणि डॉ. आंबेडकर मार्गाच्या ज्या बाजूस खोली, त्याच बाजूस शाळा असावी हे उत्तम. आईने किंवा वडिलांनी एकदा सकाळी, शाळेच्या वेळी, मुलाच्या पावलाने तो रस्ता चालून पाहावा. हिंदमाता परिसरात पावसाळ्यात पाणी साचते हे मुंबईकर जाणतात. मे महिन्यात खोली पाहावयास गेलेल्या गावकऱ्यास ते दिसत नाही. आणि लालबागेत भाद्रपदातले ते दहा दिवस रस्त्यात पाऊल ठेवावयास जागा नसते. अर्थात त्या दिवसांत कोकणातले बिऱ्हाड बहुधा गावीच असते, म्हणून ही अडचण कुणी फारशी मनावर घेत नाही!

माध्यमाच्या बाबतीत घाई होते. चौथी-पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेले मूल मुंबईस जाताच इंग्रजी माध्यमात घालावे, असा आग्रह शेजारी धरतात. गाव बदलले, घर बदलले, सवंगडी तुटले. त्याच जूनमध्ये भाषाही बदलली तर मुलास धरून ठेवावयास काहीच उरत नाही. वर्गात हुशार असलेले मूल गप्प बसू लागते आणि मग घरचे त्यासच दोष देतात. मराठी शाळांतही गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. ती पुरेशी आहे. पहिलीत जाणाऱ्या बालकाची गोष्ट निराळी. दहावीच्या मुलास मात्र शक्यतो हलवूच नये. मार्चची परीक्षा होईपर्यंत ते आजीजवळ राहिले तर बिघडत नाही.

आता शिक्षकांच्या कामाचा भाग. २००९ च्या बालहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलास शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क दिला आहे. दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू अथवा लांबवू शकत नाही. मुख्याध्यापकाने दाखला देण्यास विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. हे पालकांस सांगणारा बहुधा शिक्षकच असतो, आणि सांगण्यास त्याचा जीव थोडा कचरतो, हेही येथे बोलले पाहिजे. पट आधीच अठरा-वीसवर आलेला. दोन नावे कमी झाली तर संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते. मग ‘दिवाळीनंतर येतील परत’ म्हणून नाव ठेवले जाते. तिकडे मुंबईतली मराठी शाळाही विद्यार्थ्यांसाठी दारोदार फिरत असते. दोन्ही शाळांना मूल हवे आहे, आणि मूल लालबागच्या खोलीत धाकट्या भावास खेळवीत बसले आहे, अशी ही स्थिती आहे. पद टिकविण्याची चिंता खोटी नाही. तथापि तिचा भार त्या मुलाच्या वर्षावर टाकणे न्याय्य नव्हे.

मे महिन्याच्या सुटीपूर्वीच कोणते कुटुंब जाणार याची चौकशी वर्गशिक्षकाने करावी. दाखल्यासोबत गुणपत्रक, जन्मदाखल्याची प्रत व आधारची प्रत एका पाकिटात घालून ते आईच्या हाती द्यावे. सामानाची गाठोडी बांधताना कागद हरवतात ते बापाच्या खिशातून. भाडेकरार नोंदणीकृत करून घेण्यासही सांगावे, कारण खाजगी शाळेतील राखीव पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज करणाऱ्या भाडेकरूस राहण्याच्या पुराव्यादाखल तो लागतो. पाकिटात एक साधी चिठ्ठीही असावी. मूल कोणते पाठ वाचू शकते, भागाकार कोठवर आला आहे, फळ्यावरचे दिसते की नाही, कोणाशी बोलावयास लाजते, एवढे चार ओळींत लिहावे. नव्या वर्गशिक्षिकेस त्या चार ओळींचा गुणपत्रकाहून अधिक उपयोग होतो.

शाळा उघडून दोन आठवडे झाले म्हणजे पालकांस दूरध्वनी करून शाळेचे नाव व इयत्ता विचारून घ्यावी. नव्या शाळेची मागणी आली असेल तर ती त्याच दिवशी मान्य करावी. आली नसेल तर पुन्हा दूरध्वनी करावा, आणि या खेपेस मुलाशी स्वतः बोलावे.