मोतीच्या पंजातलं कुसळ

पारनेरच्या माळावर दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळं साडीला चिकटतात, हे तुम्हाला सांगायला नको. केसाळ कुत्र्याच्या पंजात मात्र ती लपून बसतात. कुसळावरची बारीक लव एकाच दिशेची असते, त्यामुळे ते आत सरकतं, मागे येत नाही. आमच्या गटातल्या एकीचा मोती आठ दिवस पंजा चाटत होता. पाय मुरगळला असेल, असं आम्हीच म्हटलं. पू आला, तेव्हा डॉक्टरांनी चीर देऊन कुसळ काढलं.

आता आम्ही माळावरून आलं की पंजा बघतो. कुत्रं दमलेलं असताना घरच्या माणसाने जवळ घ्यावं, एकेक बोट फाकवावं. गुंता ओढू नका, बोटांनी मोकळा करा. तळव्याच्या गाद्यांमधून बाहेर आलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीत कापा. कात्री आत खुपसायची नाही. पावसाळ्यात याच केसांत काळ्या मातीचा गोळा धरतो आणि वाळला की खड्यासारखा टोचतो. कोमट पाण्यात भिजवून सोडवा, मग पाय कोरडा पुसा.

बोट सुजलंय, भोक दिसतंय, तर घरी उकरू नका, जनावरांच्या दवाखान्यात न्या. कुत्रं गुरगुरलं तर थांबा. दात लागलाच, तर हळद-चुना नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला सरकारी दवाखाना गाठा.

मोती आता पुढचा पंजा आपणहून देतो. मागचा अजून देत नाही.