मिरचीवरचा आळ
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

मंडळी, जेवणात ठेचा आहे असं कळलं, म्हणून थोडक्यात बोलतो. डॉक्टर असलो तरी तो मलाही आवडतो.

मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. त्याआधी तिखटाला मिरी होती. मिरचीतलं कॅप्सेसिन आतल्या पांढऱ्या शिरेत जास्त असतं, बियांत नव्हे. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं, म्हणून भाजल्यासारखं वाटतं. पाणी पिऊन काही होत नाही, दूध किंवा दही घ्या. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर, पण आपण खातो किती!

आता मुद्द्याचं. पोटातला अल्सर मिरचीने होत नाही. बहुतेक वेळा कारण असतं हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. तरी आपले आजी-आजोबा ठेचा सोडतात आणि गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली गोळी महिनोन् महिने चालू ठेवतात! सूनबाईंनो, घरातला गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघा. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर कालच्या मिसळीला दोष देत बसू नका. आतून रक्त जात असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

छातीत जळजळत असेल, मूळव्याध किंवा फिशर असेल, तर मात्र तिखट बेतानेच. आणि मिरच्या चिरल्यावर हाताला आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोवर डोळ्यांना हात लावू नका.