यंदा विरजण पडू द्या

दोन दिवसांनी वर्ष संपतंय. मला मिनिटं मिळाली आहेत सहा आणि सांगायची गोष्ट आहे एकच. ती मी दोनतीनदा सांगणार आहे, कंटाळू नका. आशा तारखेला टांगू नका.

नवी मुंबईतल्या आमच्या पावणे गावात डिसेंबरअखेर कॅलेंडरांना तोटा नसतो. एमआयडीसी दाराशीच! वजनकाट्यावाल्याचं कॅलेंडर येतं, ट्रान्सपोर्टवाल्याचं येतं, कालनिर्णय तर हवंच. आमच्या स्वयंपाकघरात एका खिळ्यावर चार लटकलीत. आणि कुठलंही घर घ्या, एखाद्या चौकोनाला पेनाने गोल केलेला असतोच. या तारखेला पोराची नोकरी पक्की होणार. मार्चनंतर थकलेला पगार निघणार. गोल जरूर करा. पण तारीख येते, चौकोन कोरा जातो आणि माणूस बसल्या जागी खचतो. सुट्टीत तर फारच. भोंगा नाही, डबा नाही, शेजारपाजार गावाला गेलेला, आणि आपण त्या चौकोनाकडे बघत बसलेलो.

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. नाझींच्या छळछावण्यांतून ते जिवंत परतले. त्यांनी लिहून ठेवलंय की १९४४चा नाताळ आणि १९४५चा नववर्षदिन यांच्या मधल्या आठवड्यात त्यांच्या छावणीतले मृत्यू एकदम वाढले. छावणीतल्या मुख्य डॉक्टरांनीच त्यांना ते सांगितलं. काम तेच होतं, अन्न तेवढंच, थंडीही तीच. डॉक्टरांच्या मते कारण एकच होतं. नाताळपर्यंत घरी पोचू, अशी बहुतेकांनी मनाशी गाठ मारली होती. नाताळ आला आणि गेला.

आपलं दुःख त्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. पण गाठ तीच, म्हणून सांगितलं.

मग आशा ठेवायची कुठे? मी म्हणते, दह्यासारखी ठेवा. आनंदावर विरजण पडलं, असं म्हणून म्हणून आपण त्या बिचाऱ्याला उगाच बदनाम केलंय. विरजण पडलं नाही तर दूध दुसऱ्या दिवशी नासणार, हे घरातल्या बाईला विचारा. (पुरुषांनाही विचारायला हरकत नाही, हल्ली.) आता बघा, दही लावायला पातेलंभर दही लागत नाही, चमचाभर पुरतं. तो चमचा कालच्या दह्यातला असतो. म्हणजे काल सगळं संपवायचं नाही, तळाशी थोडं राखायचं. नाही राहिलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं, त्यात लाज कसली? थंडीत लवकर लागत नाही, म्हणून फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायचं. आणि मुख्य म्हणजे दर तासाला झाकण उघडून, हलवून बघायचं नाही! आपण नव्या वर्षाचं नेमकं हेच करतो. एक जानेवारीला संकल्प, पाच तारखेला झाकण उघडून लागलं का, लागलं का. कसं लागेल?

आता चमचाभर म्हणजे काय, ते सांगते. गावामागच्या एका बंद गाळ्यावर रात्रीचे वॉचमन आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्याच कंपनीत ते मशीनवर होते. कंपनी बंद पडली, हिशोब अजून मिळालेला नाही. दिवाळीनंतर बघू, हे त्यांनी तीन दिवाळ्या ऐकलंय. गेटवर त्यांची एक वही असते. दर तासाला लिहायचं, 'सर्व ठीक'. ती वही कोणी वाचत नाही. मी एकदा सहज चाळली. डावीकडे 'सर्व ठीक, सर्व ठीक' अशी रांग आणि उजव्या समासात बारीक अक्षरात: 'पावणेतीन, भाजीवाली मावशी. साडेचार, भरतीची पोरं. सव्वापाच, दहावीची मुलगी.'

म्हटलं, काका, हे काय?

म्हणाले, मिस कॉल द्यायचे असतात.

मावशींना तुर्भ्याच्या मार्केटात माल घ्यायला जायचं असतं. पोलीस भरतीची पोरं पामबीच रस्त्यावर धावायला जातात. मुलीच्या घरी एकच खोली, वडील रात्रपाळीला, गजर लावला तर धाकटं उठतं. फोन नुसता थरथरतो, मुलगी उठते. मी तसाही जागाच असतो, असं काका म्हणाले. गेल्या पावसात दोन दिवस ते तापाने पडले, तर मावशी स्वतः पेज घेऊन आल्या, आणि आल्या त्या आधी ओरडल्याच, माझा मार्केटचा वार बुडवलात म्हणून!

हिशोब अजून मिळालेला नाही. मिळाला पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण रोज पावणेतीनला कोणीतरी आपल्या फोनवर उठणार आहे, हे काकांकडचं विरजण. ते तारखेवर अवलंबून नाही.

असाच चमचा व्यसन सोडणाऱ्यांचाही. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला तिथे जन्मभराची शपथ... नाही, हा विषय मोठा आहे. एवढंच सांगते, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवाले म्हणतात ना, फक्त आजचा दिवस, तो चमचाच आहे. एकतीस तारखेच्या रात्री तर तेवढाच पुरवायचा.

उरणजवळच्या जासईचंही सांगायचं होतं. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आमची माणसं जमिनीसाठी उभी राहिली, पाचजण हुतात्मे झाले. पुढची किती वर्षं आमच्या लोकांनी साडेबारा टक्के विकसित जमिनीची वाट बघितली आणि त्या वाट बघण्यात घरं कशी चालवली... स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवतायत, एक मिनिट उरलंय.

आम्ही पावणेकर. पूर्णाला पाव कमी असण्याची आम्हाला सवय आहे. तर पुन्हा सांगते, आशा तारखेला टांगू नका. कोणाचं तरी एक काम अंगावर घ्या, रोजचं, चमचाभर. आणि वाटी अगदीच कोरडी असेल, रात्र निघत नसेल, तर १४४१६ लावा. टेलि-मानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, त्या कॅलेंडरवरच लिहा, चौदा, चार, सोळा. लिहिलंत? आणि दूध कोमटच हवं बरं का, कढत दुधात विरजण घातलंत तर