मंत्रचळ: कळतं, पण थांबत नाही

दाराला कुलूप लावून जिना उतरताना मनात येतं, लागलं ना नीट? आपण परत वर जातो, कुलूप ओढून बघतो आणि कामाला लागतो. मंत्रचळ जडलेल्या माणसाचं इथे संपत नाही. तो दहादा वर जातो. कुलूप लागलंय हे हाताला कळतं, पण मनाला पटत नाही. कुणाचं हात धुणं असंच तासन् तास चालतं. आपण करतोय ते निरर्थक आहे, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असतं. म्हणूनच ‘जरा मन घट्ट कर’ हे घरच्यांचे बोल त्यांना फार लागतात. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात आणि शंभरातल्या दोघातिघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो.

मनाला पटत का नाही? डोळ्यांच्या खोबणींच्या वर मेंदूचा एक भाग आहे. काही चुकलं, राहिलं की तो इशारा देतो. हा इशारा मेंदूच्या आत कॉडेट नावाच्या, शेपटीसारखा आकार असलेल्या केंद्राकडे जातो, तिथून थॅलॅमसकडे आणि फिरून पुन्हा वर. कोणता इशारा पुढे सोडायचा आणि कोणता अडवायचा, ही चाळणी कॉडेटपाशी असते, असं मानलं जातं. चाळणी सैल पडली की ‘चुकलं, चुकलं’ ही हाकाटी थांबतच नाही. मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये, या रुग्णांच्या मेंदूतलं हे वर्तुळ नेहमीपेक्षा जास्त राबताना दिसलं.

आनुवंशिकतेचाही वाटा आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल, तर दुसऱ्याला तो असण्याची शक्यता साध्या जुळ्यांपेक्षा जास्त असते. पण याला जबाबदार असं एकच जनुक नाही, आणि आईला आहे म्हणून मुलीला होणारच असंही नाही. लग्न जुळवताना कुजबुजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

औषधांची गोष्ट जरा गंमतीची आहे. क्लोमिप्रामिन ही गोळी मुळात नैराश्यावरची. १९६७च्या सुमारास स्पेनमधल्या डॉक्टरांना दिसलं की तिने मंत्रचळही कमी होतो. ही गोळी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करते. नैराश्यावरच्या ज्या गोळ्या सेरोटोनिनला फारसा हात लावत नाहीत, त्यांचा इथे उपयोग होईना. त्यावरून ‘सेरोटोनिन कमी पडतं म्हणून ओसीडी होतो’ हे वाक्य रूढ झालं. मला ते घाईचं वाटतं. सुंठीने खोकला उतरला म्हणून तो सुंठीच्या कमतरतेने झाला होता, असं आपण म्हणत नाही. शिवाय गोळीचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, आराम पडायला मात्र आठवडे लागतात.

आजार मेंदूचा, तर उपायही फक्त गोळीचाच, असं समजू नका. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी वेगळी वाट धरली. ज्याची भीती, त्याच वस्तूला हात लावायचा आणि नंतर हात धुवायचे नाहीत. आधी जीव घाबरा होतो, मग हळूहळू बेचैनी आपोआप उतरते. पुढे १९९२ साली लॉस अँजेलिसमध्ये लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांना गोळी दिली आणि नऊ जणांवर अशी वर्तनचिकित्सा केली. सुमारे दहा आठवड्यांनी स्कॅन काढले. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला होता, त्यांच्या कॉडेटमधली धावपळ कमी झालेली दिसली. एका गटाच्या पोटात तर एकही गोळी गेली नव्हती!

गोळी सुरू केली असेल तर तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. या आजारात दहा-बारा आठवडे वाट पाहावी लागते. बरं वाटल्यावरही ती एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. आणि घरातलं माणूस ‘कुलूप लागलंय ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर दर वेळी ‘हो’ म्हणत राहिल्याने त्याचा आजार पोसला जातो. हे उत्तर कसं आणि कधी कमी करायचं, ते त्याच्यासमोरच, त्याच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा.