औंधात आपले स्वागत



श्रीयमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आपले मनःपूर्वक स्वागत! युरोपीय संघाच्या शेजारधोरणावरची परिषद पुण्यामुंबईला न होता आमच्या औंधात भरते, याचा गावाला केवढा अभिमान वाटतो आहे!

डोंगरावरचे श्रीभवानी संग्रहालय आपण पाहालच. तिथे हेन्री मूर यांचे शिल्पही आहे. मला मात्र आज मॉरिस फ्रीडमन यांच्याविषयी बोलायचे आहे. हे वॉर्साचे इंजिनिअर. बंगळूरहून ते औंधात आले आणि आमचेच झाले. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, राजपुत्र अप्पासाहेब आणि फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने औंध संस्थानाची राज्यघटना सिद्ध केली. १९३९ च्या जानेवारीत बाळासाहेबांनी ७२ गावांच्या आपल्या संस्थानाचा कारभार रयतेच्या हवाली केला. स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधी! आटपाडीजवळ कैद्यांसाठी स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, तीही याच काळात. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. फ्रीडमन यांच्यासारख्या मोठ्या माणसाचे नाव आज आमच्या मुलांना ठाऊक नसावे, याचे फार वाईट वाटते.

त्यांच्याच पोलंडने स्वीडनला बरोबर घेऊन २००८ साली युरोपीय संघाच्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांशी भागीदारीचा प्रस्ताव मांडला. पुढच्या वर्षी प्रागमध्ये युक्रेन, मोल्दोव्हा, जॉर्जिया यांच्यासह सहा देश तीत आले. त्याआधी युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रोमानो प्रोदी यांनी शेजाऱ्यांना संघाच्या संस्था सोडून बाकी सारे देऊ केले होते. म्हणजे बाजारपेठ खुली, पण निर्णय घेणाऱ्यांत जागा नाही. आमच्या राजांनी आधी निर्णयाचाच हक्क दिला. माझ्या मते सहकार्य टिकते ते अशानेच. आपण विद्वान मंडळींनी यावर जरूर बोलावे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. गावात मोठी हॉटेले नाहीत, म्हणून काहींची सोय शिक्षकांच्या घरी केली आहे. रात्री उशिरा आलेल्यांना गरम पाणी मिळाले नाही, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. मंडप देणारे, धान्य देणारे, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, गाडीभाडेही न घेता स्टेशनवर धावलेली तरुण मुले आणि नाव सांगू नका असे बजावून देणगी देणारे व्यापारी बंधू, या सर्वांचे स्वागत समिती ऋण मानते.

दुपारचे जेवण एक वाजता शाळेच्या पटांगणात आहे. कृपा करून कोणीही न जेवता गाव सोडू नये.