उमर आणि अली

बगदादमध्ये मुतनब्बी नावाची एक गल्ली आहे. दहाव्या शतकातल्या अरबी कवीचं नाव तिला दिलेलं. दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं, शुक्रवारी जमिनीवर पसरलेली जुनी पुस्तकं, आणि शाबंदर नावाचं एक चहाघर. कवीमंडळींना तिथं तासन्‌तास बसायची मुभा. ५ मार्च २००७ रोजी या गल्लीत बॉम्बनं भरलेली मोटार उडवण्यात आली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. शाबंदरच्या मालकानं एकाच दिवसात चार मुलगे आणि एक नातू गमावला.

श्रोतेहो, हा बॉम्ब अमेरिकेनं टाकला नव्हता. मग तिच्या युद्धाशी त्याचा काय संबंध?

मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या फौजा इराकमध्ये शिरल्या. ज्या संहारक शस्त्रांचं कारण पुढं केलं, ती सापडलीच नाहीत. सद्दाम जुलमी होता, यात वाद नाही. १९८८ साली हलब्जात त्यानं विषारी वायूनं हजारो कुर्दांचा जीव घेतला. पण त्याला हटवायला तीन आठवडे पुरले. राज्य उभं करणं हे निराळं काम होतं. मे महिन्यात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकमानं इराकचं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं, बंदूक चालवता येते आणि पगार बंद! जुलैत २५ जणांचं शासन मंडळ नेमलं, तेही पंथ आणि वंश मोजून : १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, एक तुर्कमेन, एक ख्रिस्ती. खुर्ची अशी वाटली की पुढाऱ्याला आपला पंथ धोक्यात आहे असं सांगत राहणंच सोयीचं पडतं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

फेब्रुवारी २००६ मध्ये सामर्रा इथला शियांचा पवित्र दर्गा उद्ध्वस्त केला गेला आणि मग धरबंद राहिला नाही. नाक्यानाक्यावर ओळखपत्र बघून माणसं मारली जाऊ लागली. एका नाक्यावर उमर हे नाव जिवावर बेतायचं, दुसऱ्यावर अली. लोक खोट्या नावाची ओळखपत्रं करून घेऊ लागले. आमच्याकडं मुलाचं नाव ठेवताना उमर काय नि अली काय, दोन्ही सारखीच लाडकी. सख्ख्या भावांची नावं अशी सापडतील. बगदादमध्ये तर शिया-सुन्नी लग्नं सर्रास होत. अशा घरातल्या पोरानं कुठलं नाव सांगायचं?

अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक इराकमध्ये मेले. त्यांची नावानिशी नोंद आहे, आणि त्यांच्याही आया रडल्याच. इराकी नागरिकांचा आकडा मात्र एक लाखाच्या पुढं कुठं थांबतो, यावर मोजणाऱ्यांचंच एकमत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी फौजा परत गेल्या. जून २०१४ मध्ये ‘आयसिस’नं मोसुल घेतलं. त्या टोळीच्या लष्करी म्होरक्यांत २००३ साली मोडलेल्या सैन्यातले अधिकारी होते. अमेरिकी सैनिक त्याच वर्षी पुन्हा इराकमध्ये उतरले.